ऐकीव प्रेम आणि पाहिलेला चित्रपट

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी आम्हाला रस्त्यात गाठून विचारलं, की सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे जुन्या पिच्चरचं काय काढलंत? त्यांना आम्ही म्हटलं, व्याख्यानाला या, तिथे सांगू. ते आलेले दिसताहेत, तेव्हा आधी त्यांचंच उत्तर देऊन टाकू. तत्त्वज्ञानात एक प्रश्न फार जुना आहे: तुम्हाला जे माहीत आहे असं तुम्ही म्हणता, ते तुम्हाला कशावरून माहीत आहे? जुन्या चित्रपटांच्या शौकिनाला हा प्रश्न विचारून बघा. तो गडबडतो. आम्ही स्वतः त्याच जातीचे शौकीन, म्हणून हे प्रेमानेच बोलतो आहोत.

आपल्या न्यायशास्त्राने ज्ञान मिळवण्याची साधनं सांगितली, त्यांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं. अनुमान म्हणजे धूर दिसला म्हणून अग्नी ओळखला, ते. शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाने सांगितलं म्हणून मानलं, ते. उपमान म्हणून चौथंही आहे, त्याची आज गरज नाही. चार्वाक तेवढा म्हणाला की प्रत्यक्ष सोडून आम्ही काहीच मानत नाही. आता चार्वाकाला सिनेमाच्या इतिहासाच्या वर्गात बसवलं तर तो पहिल्या दहा मिनिटांत उठून जाईल. कारण आपला जुना सिनेमा निम्म्याहून अधिक नुसत्या शब्दावर उभा आहे.

'सावकारी पाश' घ्या. १९२५ चा मूकपट. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी काढलेला, नारायण हरि आपट्यांच्या कथेवरून. शेतकरी, सावकार, कर्ज, हातची जमीन जाणं, आणि मग शहराची वाट. त्यात तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. भारतीय चित्रपटाच्या कुठल्याही इतिहासात या चित्रपटाला मानाचं पान आहे, देशातल्या पहिल्या वास्तववादी चित्रपटांपैकी एक म्हणून. आज या खोलीत आम्ही विचारलं की हा चित्रपट थोर आहे का, तर माहीतगार मंडळी 'हो' म्हणून मान डोलावतील. त्यांतल्या कुणीही तो पाहिलेला नाही, आम्हीही नाही. त्याची प्रत उरलेली नाही. पेंटरांनी १९३६ मध्ये त्याच गोष्टीचा बोलपट केला, पण तो वेगळा चित्रपट.

मग आपण मान कशावर डोलावतो? ज्यांनी पाहिला त्यांच्या शब्दावर. जे. बी. एच. वाडिया, म्हणजे वाडिया मूव्हीटोनचे, पुढे नाडियाचे स्टंटपट काढणारे, त्यांनी तरुणपणी तो पाहिला होता. कित्येक वर्षांनी त्यांनी लिहून ठेवलं की बाकी सगळं पुसट झालं, पण अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि तिथे विव्हळणारं कुत्रं एवढं मनात राहिलं. गंमत बघा हं. मूकपट आहे. कुत्र्याने तोंड वर केलेलं दिसलं असेल, आवाज मुळातच नव्हता. आणि तरी वाडियांना तो आयुष्यभर ऐकू येत राहिला. एका प्रेक्षकाच्या आठवणीतलं एक दृश्य आपल्याला त्या चित्रपटाबद्दल पानभर कथानकापेक्षा जास्त सांगतं. म्हणजे शब्दप्रमाण हलकं आहे असं आम्ही म्हणत नाही. ते चांगलं असेल तर फार किमती असतं. म्हणणं एवढंच, की आपण मान डोलावतो आहोत ती कशाच्या बळावर, हे आपल्याला ठाऊक असावं.

आणि हे ठाऊक नसलं की काय होतं, त्याचा नमुना म्हणजे 'पहिला कोण' हे भांडण. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला, त्याच कॉरोनेशनमध्ये. एक गट म्हणतो तोरणे पहिले. दुसरा म्हणतो 'पुंडलिक' हे नाटकाचं चित्रण, शिवाय कॅमेऱ्यावर इंग्रज माणूस, धुलाई लंडनला. या वादावर लोक तास तास बोलतात. आम्हाला त्यात फारसा रस नाही. शर्यतीत पहिला कोण आला हे कळलं म्हणजे शर्यत पाहिली असं होत नाही. आणि 'पुंडलिक' तर आता कुणालाच पाहता येत नाही.

त्याहून नाजूक गोष्ट 'हरिश्चंद्रा'ची आहे. तो पाहता येतो असं आपण समजतो. राजा मुलाला बाण मारायला शिकवतो आहे, राणी शेजारी उभी आहे, राणी म्हणजे अर्थात पुरुषच, अण्णा साळुंके. मोबाईलवर आपण पाहतो आणि वर लिहिलेलं असतं, भारताचा पहिला चित्रपट, १९१३. मूळ चित्रपट चार रिळांचा. त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं संग्रहालयात आहे. आणि फाळक्यांनी १९१७ साली हीच कथा पुन्हा चित्रित केली होती. पुष्कळ अभ्यासकांचं म्हणणं आहे की उरलेली रिळं या दुसऱ्या, १९१७ च्या चित्रपटाची आहेत. म्हणजे ज्या चौकटी पाहून आपल्या अंगावर काटा येतो, त्या कदाचित 'त्या' नव्हेतच.

मग तो काटा खोटा का? आम्हाला तसं वाटत नाही. फाळक्यांचा हात, साळुंक्यांचा चेहरा, कापडावर रंगवलेलं अरण्य, यातलं काहीच खोटं नाही. खोटी आहे ती फक्त वरची पाटी. पण आपण पाटीवर प्रेम करत असू, 'पहिला' या शब्दावर, तर पाटी हलल्याबरोबर प्रेमही हलतं. असे शौकीन आम्ही पाहिले आहेत. १९१७ ऐकल्यावर त्यांचा चेहराच उतरतो. अरे, पण बाण तोच आहे ना, पोरगं तेच आहे ना!

हे सगळं हरवलं कसं, ते थोडक्यात सांगून पुढे जाऊ. १९५० च्या आसपासपर्यंत चित्रपटाची फिल्म नायट्रेटची असायची. ती चटकन पेट घेते, आणि जळताना लागणारा प्राणवायू तिच्यातच असल्यामुळे पाण्यानेही विझत नाही. जळली नाही तर सडते, चिकट होते, शेवटी भुकटी. त्यावरच्या थरात चांदी असते, म्हणून भंगारात चांदीसाठी धुतली जायची. चित्रपट उतरला की निर्मात्याच्या लेखी ते ओझं, आणि चांदीचे मात्र पैसे मिळत. आपल्या देशात तेराशेच्या वर मूकपट झाले, त्यातले फारच थोडे उरले, आणि उरलेल्यांतही पुष्कळ अर्धेमुर्धे. 'आलम आरा', १४ मार्च १९३१, आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज माहीत नाही. सरकारने पुण्यात चित्रपट संग्रहालय काढलं ते १९६४ साली. तोवर मूकपट संपून तीस वर्षं उलटली होती. तिथल्या पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळं गोळा केली, फाळक्यांच्या घरूनही आणली. या माणसावर 'सेल्युलॉइड मॅन' नावाचा माहितीपट आहे, २०१२ चा, जरूर पाहा. आणि पुण्यातच २००३ च्या जानेवारीत नायट्रेटच्या साठ्याला आग लागली, 'प्रभात'चीही मूळ रिळं गेली. त्यांच्या प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या म्हणून चित्रपट वाचले.

तर जे वाचलं, त्याकडे येऊ. जे गेलं त्याबद्दल ऐकीव बोलण्याला इलाज नाही. पण जे शाबूत आहे, हाताशी आहे, त्याच्याबद्दलही आपण ऐकीवच बोलतो, हे आमचं आजचं खरं गाऱ्हाणं.

'संत तुकाराम'. प्रभात फिल्म कंपनी, १९३६. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. मुंबईत वर्षाहून जास्त चालला. १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. हे सगळं सगळ्यांना पाठ. आता विचारा, शेवटचा कधी पाहिला? पुष्कळांचं उत्तर, आजोबा सांगायचे. किंवा, टीव्हीवर लागला होता, थोडा बघितला. आणि आवडतो का? फार आवडतो, काय भक्ती, काय ते पागनीस!

हरकत नाही. पण पुन्हा एकदा पाहू या, जणू त्याच्याबद्दल आपण काही ऐकलेलंच नाही, अशा डोळ्यांनी.

सुरुवातीलाच तुकाराम विठ्ठलासमोर बसून गातात. विष्णुपंत पागनीस. हा गृहस्थ नाटकांत स्त्रीभूमिका करायचा, आणि पुढे भजनं गायचा. त्यांचा चेहरा बघा: अभिनय करतो आहे असं कुठेच वाटत नाही, डोळे अर्धे आत वळलेले. कॅमेरा बराच वेळ तिथेच थांबतो. काही करत नाही. मग लगेच सालोमालो. दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपवणारा. तोच देव, तेच गाणं, पण आता नखरे आले, ताना आल्या, नाटकी हातवारे आले. दोन माणसांतला फरक दिग्दर्शकांनी कुणाच्या तोंडून वदवून घेतला नाही. शेजारी शेजारी ठेवून दाखवला. आपल्याला काही सांगितलं जात नाही, आपण पाहतो. पहिल्या पाच मिनिटांतच चित्रपट प्रेक्षकाला प्रत्यक्ष प्रमाणावर उभा करतो.

आणि याच चित्रपटात एक अभंग आहे, बीज, अंकुर आणि वृक्ष यांचा. तुकोबांचा म्हणून घरोघरी गायला जातो, कीर्तनातही येतो. तो तुकोबांचा नाही. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचला. इतका बेमालूम, की जाणत्यांनीही तो गाथेत धुंडाळला असं सांगतात. आम्हाला या गोष्टीत एक गंमत दिसते, ती कुणी फारशी बोलून दाखवत नाही. ज्या चित्रपटात सालोमालो तुकारामाची रचना आपल्या नावावर घेतो, त्याच चित्रपटात आठवल्यांनी आपली रचना तुकारामाच्या नावावर देऊन टाकली. सालोमालोला नाव हवं होतं, आठवल्यांचं नाव लोक विसरून गेले. भाविक म्हणून आपल्याला त्याने काही बिघडत नाही. पण चित्रपटाचा शौकीन म्हणवणाऱ्याला आठवल्यांचं नाव माहीत नसेल, तर नकळत त्याच्या हातून एका कवीवर अन्याय होतो आहे. इथे ऐकीव प्रेमाची किंमत कोण मोजतो, ते दिसतं.

फत्तेलाल यांच्याबद्दलही तसंच. शेख फत्तेलाल, साहेबमामा म्हणायचे त्यांना. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले चित्रकार, 'प्रभात'चं सगळं कलादिग्दर्शन त्यांचं. देहूची घरं, देऊळ, इंद्रायणीचा काठ, जे डोळ्यांसमोर उभं राहतं ते या मुसलमान कलावंताने उभं केलेलं. ते बघताना आपल्याला ते मुद्दाम आठवत नाही, आणि त्यांनाही ते मुद्दाम आठवावंसं वाटलं नसेल. पण नामदेवांच्या नर्सीपासून जवळच राहणाऱ्या माणसांनी ते माहीत करून घ्यावं, असं आम्हाला आग्रहाने वाटतं.

आता आवली. आमच्या मते चित्रपट तिचा आहे. गौरी नावाच्या बाईंनी ते काम केलं. नामांकित नटी नव्हेत. पण बघा, त्या पडद्यावर आल्या की घरात काहीतरी हलतं. म्हैस, चूल, पोरं, भांडी. तुकाराम स्थिर, आवली सारखी चालती. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती त्याला घेऊन देवळात जाते, हातात चप्पल, आणि विठ्ठलाला जाब विचारते. तंबूत आम्ही हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा बायकांच्या बाजूने जो आवाज उठला होता, तो हसण्याचा होता की कशाचा, हे आम्हाला अजून नीट सांगता येत नाही. पुरुषांच्या बाजूला सगळे हात जोडून बसले होते.

समीक्षकांनी या चित्रपटावर उत्तम लिहिलं आहे. गीता कपूर यांनी त्यातल्या चमत्कारांकडे आणि समोरासमोर दर्शन घेण्याच्या पद्धतीकडे लक्ष वेधलं. कुमार शहानींसारख्या दिग्दर्शकाने 'प्रभात'च्या संतपटांवर मनापासून लिहिलं. आमचं म्हणणं त्यांच्या तुलनेत साधं आहे. या चित्रपटात दोन प्रमाणं एकमेकांसमोर उभी केली आहेत. तुकारामाला विठ्ठल आहे हे कळलेलं आहे, त्याला पुरावा लागत नाही. आवलीला भाकरी दिसली पाहिजे. ती चार्वाकाची बहीण आहे म्हणा ना! आणि दिग्दर्शकांची नियत अशी चोख, की तिला एकदाही मूर्ख ठरवलेलं नाही. ती भांडते तेव्हा तिचा मुद्दा बरोबर असतो. घरात दाणा नाही हे खरंच असतं. शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतात, तिलाही चल म्हणतात. ती जात नाही, घर आहे, पोरं आहेत. गरुडाचं विमान वर जातं, ट्रिकची करामत आहे, त्या काळच्या मानाने फार चांगली. आणि खाली आवली राहते.

आपण काय पाहतो? विमान. सगळे विमान पाहतात, हात जोडतात. आमची विनंती आहे, एकदा विमानाकडे न बघता तिच्याकडे बघा.

आणि इथेच आम्हाला या चित्रपटाशी थोडं भांडायचंही आहे, प्रेम असलं म्हणून काय झालं. चमत्कारांची संख्या जास्त झाली आहे. वह्या पाण्यातून वर येणं ठीक, ती परंपरेतलीच गोष्ट. पण शिवाजीराजांना पकडायला शत्रू आला तेव्हा जो तो शिवाजी दिसू लागतो, तिथे आवलीच्या प्रश्नांची धार बोथट होते. दर वेळी देवच बाजी मारणार असेल, तर तिच्या बोलण्याला अर्थ काय उरला? दिग्दर्शकांना तिच्यावर विश्वास होता, पण प्रेक्षकावर तितका नव्हता, असं आम्हाला वाटतं. प्रेक्षक कदाचित त्याहून शहाणा होता. 'काय ते पागनीस' एवढंच म्हणत राहिलो, तर हे भांडण सुचणारच नाही.

वर्षभराने त्याच 'प्रभात'मधून 'कुंकू' आला, १९३७, दिग्दर्शक शांताराम. नारायण हरि आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली तरुण मुलगी नीरा, आणि तिचा ठाम नकार. शांता आपटे यांचा तो ताठ मानेचा चेहरा, केशवराव दाते यांचा म्हातारा. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, घरातलेच आवाज. घड्याळाची टिकटिक हे त्या चित्रपटातलं एक पात्र आहे, आणि आरसा हे दुसरं. विधवा मुलीच्या कामात शकुंतला परांजपे आहेत, रँग्लर परांजप्यांची कन्या, संततिनियमनाचं काम करणाऱ्या. म्हणजे पडद्यावर सुधारणेची बाजू बोलणारी बाई पडद्याबाहेरही तेच बोलत होती.

पण शेवट बघा. म्हातारा पश्चात्तापाने आत्महत्या करतो आणि तिला मोकळी करतो. मोकळी झाली ती त्याच्या मोठेपणामुळे. दोन तास लढली ती, आणि शेवटी आपल्या डोळ्यांत पाणी येतं ते त्याच्यासाठी. दाते इतकं सुंदर काम करतात की आपण फसतो. 'त्या काळी एवढं धाडस!' हे वाक्य आम्ही हजारदा ऐकलं आहे. ते खरंही आहे. पण 'त्या काळी' म्हटलं की आपण चित्रपटाला सवलत देतो, पोराला काठावर पास करावं तशी. चांगल्या चित्रपटाला सवलत देणं हा त्याचा अपमान आहे. नीराच्या बाजूने आजच्या आज भांडता येतं इतका तो चित्रपट जिवंत आहे.

इतिहास माहीत असण्याचा उपयोग होतो तो कुठे, त्याचं एक उदाहरण देतो. 'संत सखू', १९४१, पुन्हा 'प्रभात'. सखूचं काम हंसा वाडकर यांचं. डोक्यावर पदर, डोळ्यांत विठ्ठल. आता अठरा वर्षांनी या: अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका', १९५९, तमाशाचा फड. त्यातही हंसा वाडकर. पुढे १९७० साली त्यांचं आत्मकथन त्याच नावाने आलं, अरुण साधूंनी शब्दांकन केलेलं, आणि त्यावर आधारून श्याम बेनेगलांनी १९७७ ला 'भूमिका' केला. हे सगळं माहीत झाल्यावर 'संत सखू' पुन्हा पाहिला तर तो तोच राहत नाही. त्या पदराखाली पुढचं सगळं आयुष्य दिसायला लागतं. हे अनुमान झालं, बरोबर. पण प्रत्यक्षाला धार लावणारं अनुमान. एखादा चित्रपट किती आठवडे चालला, हे माहीत होऊन डोळ्यांना काही जास्त दिसत नाही. शौकिनाने माहिती गोळा करावी, भरपूर करावी, पण ती घेऊन पुन्हा पडद्याकडे यावं.

आता पडदा. आपल्या भागात पडदा म्हणजे पक्क्या भिंतीचं थिएटर असं फार उशिरा झालं. हा कनेरगावचा नाका बघा. इकडे हिंगोली, तिकडे वाशीम. १९४८ पर्यंत इकडे निजामाचं राज्य आणि तिकडे वऱ्हाड, नाक्याचं नाव अजून त्या हद्दीची आठवण ठेवून आहे. अशा मधल्या गावांना सिनेमा भेटला तो जत्रेत, उरुसात, तंबूत. टुरिंग टॉकीज. मशीन एकच असायचं, त्यामुळे प्रत्येक रिळाला थांबावं लागे. दिवा लागला की लोक बोलायला लागत. आवलीचं बरोबर का तुकारामाचं, यावर एका रिळाच्या अवधीत दोन तट पडत, आणि पुढचं रीळ लागलं की 'चूप बसा रे!' शहरातल्या थिएटरात दोन मशिनं असतात, चित्रपट सलग पळतो, तिथे हा वाद होत नाही. तंबूतला प्रेक्षक अडाणी म्हणून मोकळे झालेले लोक आहेत. आम्ही त्याच तंबूत तर्कशास्त्राचा पहिला धडा घेतला.

हे तंबू आता जवळजवळ संपले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमावाल्यांसोबत वर्षानुवर्षं हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, २०१६ साली तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला. गंजलेली ट्रक, कुरकुरणारं मशीन, आणि शेवटी डिजिटलचा डबा येतो. ते मशीन भंगारात निघतं ते बघवत नाही. पण त्यात उगाच गळा काढलेला नाही, म्हणून तो आम्हाला आवडला.

राहिला मोबाईल. तो वाईट आहे असं आम्ही म्हणणार नाही. पुण्याला संग्रहालयात जाऊन चित्रपट पाहणं इथल्या पोराला परवडत नाही, त्याला यूट्यूबवर 'कुंकू' मिळतो, ही मोठी गोष्ट आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळा. जुना पडदा आजच्यापेक्षा चौकोनी होता. चार रुंद, तीन उंच, साधारण असा. आजच्या लांबट पडद्यावर बसवायला काही लोक चित्र ताणतात, मग पागनीस जाडे दिसतात आणि देऊळ बुटकं. काहीजण वरून खालून कापतात, मग फत्तेलालांनी रंगवलेलं आभाळच जातं. बाजूला काळ्या पट्ट्या असलेली प्रत शोधा, तीच बरी. दुसरं, मूकपटाची गती. ते हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर, सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी अशा बेताने घेतलेले. आजच्या चोविसाच्या गतीने लावले की माणसं तुरुतुरु पळतात आणि पोरं हसतात, म्हणतात जुने लोक असेच चालायचे. जुने लोक असे चालत नव्हते हो. तुमचे पणजोबा वारीला चालत जायचे, ते काय असे गेले? खेळाची गती कमी करण्याची सोय मोबाईलमध्ये असते, ती वापरा. हरिश्चंद्र एकदम राजासारखा चालायला लागेल.

शेवटी एक काम सांगतो, म्हणजे सोपवतोच. शब्दप्रमाण खरं कधी, तर सांगणारा 'आप्त' असेल तेव्हा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे, ज्याने स्वतः अनुभवलं आणि जे अनुभवलं तेच जो सांगतो, तो. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने स्पष्ट म्हटलं आहे की ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ, ही व्याख्या सगळ्यांना सारखीच लागू. म्हणजे प्राध्यापक आणि तंबूचा मशीनवाला, आप्त म्हणून दोघे एका पातळीवर. या गावात आणि आसपास ऐंशी-नव्वदीच्या घरातली माणसं आहेत. कुणी तंबूत तिकिटं फाडली असतील, कुणी बैलगाडी जुंपून सगळं घर घेऊन गेलं असेल. त्यांना 'कोणता पिच्चर पाहिला' असं विचारू नका, नाव ते विसरले असतील. त्यांना विचारा, काय दिसलेलं आठवतं? वाडियांना झोपडी आणि कुत्रं आठवलं, तसं यांना काय आठवतं? बायका कुठल्या बाजूला बसायच्या, कशाला हसायच्या, रीळ तुटलं की काय ओरडायच्या. मोबाईलवर बोलणं टिपून घ्या, तारीख आणि गाव लिहा, आणि त्यात आपल्या पदरचं काही घालू नका. पुढच्या वेळी आम्ही येऊ तेव्हा ते ऐकू. त्यानंतर 'संत तुकाराम' मोठ्या पडद्यावर लावायची खटपट चालू आहे, चौकोनी लावायचा असं आम्ही बजावून ठेवलं आहे. प्रत्येक रिळाच्या अंतराने आपणच दिवे लावू, वाद घालायला दहा मिनिटं ठेवू. आवलीच्या बाजूने कोण बोलणार, ते आधी ठरवून या.